तुळशीबागेतला खुळखुळा आणि बाळाचं पहिलं वर्ष

तान्ह्या बाळासाठी तुळशीबागेत खेळणं घ्यायला गेलात तर आधी साधा लाकडी खुळखुळा उचला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ मुठीत वस्तू धरू लागतं. हात हलला की आवाज येतो, थांबला की थांबतो, हा शोध त्याचं त्यालाच लागतो. बॅटरीवरच्या खेळण्यात बटण दाबलं की पुढचं सगळं खेळणंच करतं, म्हणून मी ती घेत नाही.

त्याआधी पाळण्यावर चिमणाळं हवंच! नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, म्हणून ते फार उंच टांगू नका. बाळ ओढायला, उठायला लागलं की मात्र लगेच काढा.

आठव्या महिन्याच्या आसपास वाटीखाली चेंडू लपवून पाहा. दिसत नसलेली वस्तूही तिथंच असते, हे कळल्यावरचा तो चेहरा! खर्च शून्य.

सगळं तोंडात जाणार, हे धरूनच निवडा. सुटे मणी, सैल डोळे, लांब दोरी नको. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा हातानं घडवलेलं खेळणं ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. रंग उतरला तर घेऊ नका.

उभं राहून ढकलायचा पांगुळगाडा बाळ पावलं टाकू लागल्यावरच द्या. बसवून फिरवायचा वॉकर मात्र नकोच. कॅनडानं २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली.