निळू फुले

नीळकंठ कृष्णाजी फुले ऊर्फ निळू फुले (जन्म : इ.स. 1930, मृत्यू : 13 जुलै 2009, पुणे) हे मराठी लोकनाट्य, व्यावसायिक रंगभूमी आणि चित्रपट या तिन्ही क्षेत्रांत काम केलेले अभिनेते होते. ग्रामीण चित्रपटांतील पाटील, सरपंच, साखरसम्राट अशा खलप्रवृत्तीच्या भूमिकांसाठी ते विशेष ओळखले जातात. प्रत्यक्ष आयुष्यात मात्र ते राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेले, समाजवादी विचारांचे आणि सामाजिक चळवळींना अखेरपर्यंत साथ देणारे कार्यकर्ते होते. पडद्यावर त्यांनी ज्या सत्तेचे रूप उभे केले, त्याच सत्तेच्या विरोधात ते पडद्याबाहेर उभे होते.

सुरुवातीचे जीवन

फुले यांचे बालपण व तारुण्य पुण्यात गेले. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांना लवकर नोकरी धरावी लागली. पुण्यातील सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत ते माळी म्हणून काम करीत. या तुटपुंज्या पगारातलाही काही भाग ते राष्ट्र सेवा दलाला देत असत. स्वतःची रोपवाटिका काढण्याचा त्यांचा विचार होता. पण त्यासाठी लागणारे भांडवल त्यांच्याजवळ नव्हते.

राष्ट्र सेवा दलाची स्थापना 1941 मध्ये झाली. जातिभेदाला विरोध, श्रमप्रतिष्ठा आणि लोकशाही समाजवाद ही मूल्ये तरुणांपर्यंत नेण्यासाठी दलाने कलापथकाचा प्रभावी उपयोग केला. भाषणाला न येणारा माणूस तमाशाच्या ढंगाचे लोकनाट्य पाहायला येतो, हे कार्यकर्त्यांनी ओळखले होते. कलापथकांचे कार्यक्रम गावोगाव होत. अभिनयाचे वेगळे शिक्षण कोणी देत नसे, समोरचा प्रेक्षक हाच शिक्षक. राम नगरकर आणि दादा कोंडके हे पुढे नावारूपाला आलेले विनोदी नटही सेवा दलाच्याच वातावरणात घडले. फुले यांची नट म्हणून जडणघडण येथेच झाली. त्यांनी कुठल्याही नाट्यशाळेत पाऊल टाकले नाही.

लोकनाट्य

1957 च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या काळात, संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन जोरात असताना, फुले यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिले. त्यानंतर पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यातील रोंग्याच्या भूमिकेने त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले. खरी लोकप्रियता मिळाली ती शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यामुळे. या वगाचे महाराष्ट्रभर मोठ्या संख्येने प्रयोग झाले.

वगनाट्यात संहिता असते, पण ती नटाला बांधून ठेवत नाही. गण, गौळण आणि बतावणीनंतर सुरू होणाऱ्या वगात सोंगाड्याने समोरच्या गावातली ताजी घटना, तिथला पुढारी, चालू निवडणूक हे सारे संवादात ओवावे, अशी अपेक्षा असते. त्यासाठी हजरजबाबीपणा लागतो आणि त्याहून अधिक, थांबण्याचे भान लागते. फुले यांच्या पुढील चित्रपटांतील संवादफेकीचा पाया हाच आहे. वाक्याच्या मध्येच ते थांबतात आणि समोरच्याला अवघडवून टाकतात. ही सवय वगातली आहे. तिथे अशा थांब्याला हशा मिळे, चित्रपटात त्याच थांब्याने धाक निर्माण झाला.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

‘कथा अकलेच्या कांद्याची’मधील कामामुळे दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना ‘एक गाव बारा भानगडी’ (1968) या चित्रपटात झेलेअण्णा ही भूमिका दिली. माने यांच्याच ‘सांगत्ये ऐका’ने (1959) तमाशाप्रधान ग्रामीण चित्रपटाची लाट आणली होती. या लाटेतल्या चित्रपटांना एका ठरावीक खलनायकाची गरज होती. फुले यांनी त्या ठरावीकपणाला एक ओळखीचा चेहरा दिला.

हा चेहरा नेमका कोणाचा होता, हे समजण्यासाठी त्या काळातील ग्रामीण महाराष्ट्र पाहावा लागतो. 1950 मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढील दोन दशकांत अशा कारखान्यांचे जाळे पसरले. 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. त्यामुळे कर्ज, पाणी, ऊस, शाळेतील नेमणूक असे गावाचे अनेक व्यवहार निवडून आलेल्या माणसांच्या हाती गेले. ही सत्ता लोकशाही मार्गाने आली होती. पण अनेक ठिकाणी ती जुन्याच वाड्यांत जाऊन बसली. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दर हंगामाला ऊस तोडायला निघणाऱ्या मजुरांना आणि कारखान्याच्या परिसरातील लहान शेतकऱ्यांना ही सत्ता रोज भेटत होती. फुले यांनी रंगविलेला पाटील म्हणूनच आडदांड, आरडाओरड करणारा डाकू नसतो. तो धोतर-टोपीतला, घरंदाज दिसणारा, हळू आवाजात बोलणारा गृहस्थ असतो. त्याला हात उगारावा लागत नाही. नजर तिरकी करून अर्धे वाक्य टाकले की काम होते.

‘सामना’ आणि ‘सिंहासन’

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ (1975) हा या भूमिकांचा कळस मानला जातो. विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि रामदास फुटाणे यांची निर्मिती असलेला हा चित्रपट बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. यात फुले यांनी हिंदुराव धोंडे पाटील या सहकारसम्राटाची भूमिका केली. दारूच्या आहारी गेलेला एक जुना स्वातंत्र्यसैनिक, म्हणजे डॉ. श्रीराम लागू यांनी रंगविलेले मास्तर, गावात येतो. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, हा एकच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो. हिंदुराव या माणसाला मारत नाही. त्याला घरी ठेवतो, दारू पाजतो, त्याच्याशी गप्पा मारतो. आपण उभारलेल्या कारखान्याचा, कुक्कुटपालनाचा, शाळांचा त्याला खराखुरा अभिमान आहे. विकास आणि खून एकाच माणसाच्या हातून घडू शकतात, ही या व्यक्तिरेखेची अडचण आहे आणि फुले यांनी ती सोपी केली नाही. प्रेक्षकाला हिंदुराव आवडू लागतो. त्यामुळेच प्रश्न अधिक टोचतो.

चार वर्षांनी आलेल्या ‘सिंहासन’मध्ये (1979) पटेल यांनी फुले यांना नेमकी उलट बाजू दिली. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या चित्रपटात मुख्यमंत्र्यांच्या भूमिकेत अरुण सरनाईक, तर अर्थमंत्र्यांच्या भूमिकेत लागू होते. फुले होते दिगू टिपणीस या पत्रकाराच्या भूमिकेत. दिगू सगळे जाणतो, सगळ्यांना भेटतो, पण काहीच बदलू शकत नाही. अखेरीस त्याचा मानसिक तोल ढळतो. एरवी सत्ता गाजविणारा नट येथे दोन तास बहुतांशी ऐकण्याचे काम करतो. केवळ चेहऱ्यावर साचत जाणाऱ्या थकव्यातून ही भूमिका उभी राहिली आहे.

याच काळात व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (1972) प्रदर्शित झाला. त्यातही फुले यांची भूमिका होती. पुढे ‘एक होता विदूषक’ (1992) या पटेल यांच्याच चित्रपटात ते दिसले. मधल्या काळातील अनेक चित्रपटांनी त्यांच्याकडून तोच पाटील पुन्हा पुन्हा करून घेतला. त्यांतील बरेचसे आज विस्मरणात गेले आहेत.

रंगभूमी

विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली 1972 मध्ये रंगभूमीवर आले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणाऱ्या, छापखान्यात बांधणीचे काम करणाऱ्या सखारामची भूमिका फुले यांनी केली. चंपाच्या भूमिकेत लालन सारंग होत्या. परिनिरीक्षण मंडळाने सुचविलेली काटछाट, प्रयोगांवरील बंदी आणि उच्च न्यायालयातील लढा यांमुळे हे नाटक गाजले. सखारामची भाषा शिवराळ आहे, वागणे क्रूर आहे. मात्र समाजातील दांभिकतेबद्दल तो जे बोलतो ते खोटे नाही. शहरी मध्यमवर्गीय प्रेक्षकांसमोर लोकनाट्यातला नट उभा करण्याचा सारंग यांचा निर्णय नाटकाला पोषक ठरला. पांढरपेशा नटाने शिव्या पाठ करून म्हटल्या असत्या. फुले यांच्या तोंडी त्या सखारामच्या रोजच्या बोलण्याइतक्या सहज होत्या.

जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ या नाटकात त्यांनी अप्पाजी ही वृद्ध गांधीवादी स्वातंत्र्यसैनिकाची भूमिका केली. मुख्यमंत्रिपदी असलेल्या स्वतःच्या मुलाच्या भ्रष्ट कारभाराविरुद्ध हा म्हातारा उभा राहतो. चित्रपटांतील फुले पाहूनच नाट्यगृहात आलेल्यांना ही भूमिका अनपेक्षित होती. सेवा दलातील फुले ज्यांना माहीत होते, त्यांना ती तशी वाटण्याचे कारण नव्हते. ‘जंगली कबुतर’, ‘बेबी’ आणि ‘रण दोघांचे’ ही त्यांची अन्य नाटके होत.

हिंदी चित्रपट

फुले यांनी हिंदी चित्रपट मोजके केले. ‘वो सात दिन’ (1983), ‘कुली’ (1983), ‘मशाल’ (1984) आणि ‘प्रेम प्रतिज्ञा’ (1989) यांत त्यांच्या भूमिका आहेत. महेश भट यांच्या ‘सारांश’मध्ये (1984) त्यांनी गजानन चित्रे हा राजकारणी उभा केला. मराठीतील पाटलाची ही शहरी आवृत्ती म्हणता येईल.

सामाजिक कार्य

नट म्हणून मिळालेली प्रसिद्धी फुले यांनी चळवळींच्या उपयोगी आणली. पूर्णवेळ काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावे, यासाठी ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभारण्यात आला. या निधीसाठी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे महाराष्ट्रभर दौरे झाले. डॉ. लागू, तनुजा आदी कलाकारांसह फुले त्यांत सहभागी झाले. बाबा आढाव आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर हे या उपक्रमामागील प्रमुख कार्यकर्ते होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यालाही फुले यांनी जाहीर पाठिंबा दिला आणि त्यासाठी व्यासपीठांवर हजेरी लावली.

जनमानसातील प्रतिमा

फुले यांच्या खलनायकाचा प्रभाव इतका होता की, खेड्यापाड्यांतील स्त्रिया त्यांना समोर पाहताच बोटे मोडीत असत, असे सांगितले जाते. अभिनेत्याला मिळालेली ही पावतीच होती. पण तिची किंमतही होती. नकलाकारांनी त्यांचा घोगरा आवाज आणि ‘बाई, वाड्यावर या’ हे वाक्य इतके रूढ केले की, नव्या पिढीला फुले यांची ओळख अनेकदा त्यांच्या चित्रपटांऐवजी नकलेतूनच होते. नकलेत आवाज वर चढलेला असतो आणि डोळे वटारलेले असतात. ‘सामना’तील हिंदुराव पाहिल्यास यांतील जवळजवळ काहीच आढळत नाही.

पुरस्कार आणि अखेरचा काळ

नाट्यक्षेत्रातील कार्यासाठी फुले यांना 1991 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार प्राप्त झाला. नागेश भोसले दिग्दर्शित ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ (2009) हा शेतकऱ्यांच्या प्रश्नावरील चित्रपट त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी होय. अन्ननलिकेच्या कर्करोगाने 13 जुलै 2009 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या गार्गी फुले यादेखील अभिनेत्री आहेत.