दुसऱ्या शनिवारी लॉग कोण बघतं?

नागरी सहकारी बँकेचा आयटी विभाग बहुधा रेकॉर्ड रूमच्या शेजारी असतो. मी गेलो त्या बँकेतही तसंच. खुर्चीवरचा पोरगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "बसा सर. रात्री दोनपासून एकाच अकाउंटचं लॉगिन फेल होतंय." लॉगमध्ये, म्हणजे यंत्रानं ठेवलेल्या नोंदवहीत, दर पाच मिनिटांनी एक ओळ: वेळ, आयपी, युजर, फेल. माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही, हे त्यानं लगेच ताडलं. आयपी आतल्याच नेटवर्कचा होता. माग काढत तो बॅकअप सर्व्हरपर्यंत पोचला. आदल्या संध्याकाळी पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपची स्क्रिप्ट अजून जुनाच टाकत होती.

आयपी बाहेरचा निघाला असता, तर धावपळ वेगळी झाली असती. सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. लॉग १८० दिवस भारतातच जपायचे आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारी प्रमाणवेळेशी जुळवायची. ही घड्याळाची अट किरकोळ वाटते, मला मात्र तीच सगळ्यात शहाणपणाची वाटते. फायरवॉल सात मिनिटं पुढे आणि सर्व्हर मागे असेल, तर चोर आधी शिरला की दार आधी उघडलं, हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही.

पण हे सगळं करायला माणसं हवीत. २०१३च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख तज्ज्ञ घडवायचे होते. २०२०मध्ये नव्या धोरणाचा मसुदा झाला, तो वर्षानुवर्षं जाहीरच झाला नाही. या बँकेच्या वाट्याला एक पोरगा आलाय. प्रिंटरचा टोनरही तोच बदलतो.

पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेवरच ११ ऑगस्ट २०१८ला हल्ला झाला. एटीएमच्या विचारणांना खऱ्या यंत्रणेऐवजी चोरांनी घुसवलेली यंत्रणाच 'द्या' म्हणत राहिली आणि बनावट कार्डांवर देशोदेशी पैसे निघाले. सोमवारी 'स्विफ्ट' या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून आणखी काही कोटी हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. ११ तारखेला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी.

तुम्ही सहकारी बँकेचे सभासद असाल, तर यंदाच्या वार्षिक सभेत लाभांशाचा विषय आटोपला की एवढंच विचारा: दुसऱ्या शनिवारी आपले लॉग कोण बघतं?