सरासरी ठीक, रांग दाराबाहेर

रेशन दुकानातलं अंगठा घेणारं मशीन कधी चटकन पावती देतं, कधी बराच वेळ ढिम्म हलत नाही. ‘सर्व्हर डाउन आहे’ असं कानावर आलं, की जाणती मंडळी नंबराला पिशवी ठेवून सावली गाठतात. हिशेबाची जाण त्यांना बहुधा आपल्यापेक्षा जास्त असते.

रांगांच्या गणिताचा पाया १९०९ मध्ये आग्नर एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना घातला. त्यातल्या सर्वांत साध्या गणितात परिस्थिती बदलत नाही. समजा, दहा मिनिटांत सरासरी ८ ग्राहक येतात आणि दुकानदार १० जणांचं काम उरकू शकतो. मग कुठल्याही क्षणी दुकानात पन्नास किंवा अधिक माणसं असण्याची शक्यता म्हणजे ०.८ चा पन्नासावा घात: ७० हजारांत जेमतेम एक.

आता सर्व्हरला लहरी करू. तो बरा असला की दहा मिनिटांत १४ जण मोकळे होतात, मंद असला की ६. दोन्ही अवस्था सरासरी शंभर-शंभर मिनिटं टिकतात. नेमक्या कधी पालटतील याचा नेम नाही. कामाची सरासरी तीच, दहा. पण पन्नासची शक्यता थेट दहा टक्क्यांच्या वर जाते! हाच सर्व्हर दर काही सेकंदांनी बदलत असता, तर आकडा पुन्हा जवळपास पहिल्यावर आला असता. म्हणजे खरा घात मंदपणा करत नाही, त्याचा मुक्काम करतो.

क्वचित घडणाऱ्या घटनांचं गणित नेमकं हेच पाहतं. चेन्नईत जन्मलेल्या श्रीनिवास वरदन यांना याच विषयातल्या कामासाठी २००७ चा आबेल पुरस्कार मिळाला. अशक्यप्राय गोष्ट घडतेच, तेव्हा ती त्यातल्या त्यात सोप्या वाटेने घडते. स्थिर रांगेत पन्नास जण जमायचे, तर जणू येण्याचा आणि उरकण्याचा वेग अदलाबदल झाल्यासारखं व्हावं लागतं: योगायोगांची लांबलचक माळच. लहरी रांगेत मात्र एकच दुर्दैव पुरतं. सर्व्हर मंद असताना मिनिटाला सरासरी ०.२ माणूस साचतो, म्हणजे रिकाम्या दुकानात पन्नास जण जमायला मंदपणा अडीचशे मिनिटं टिकला की झालं. आणि दर शंभर मंद काळांपैकी आठेक तेवढे लांबतातच.

म्हणून नुसतं दुसरं मशीन आणून भागत नाही, कारण तेही त्याच सर्व्हरवर चालतं. सर्व्हर रुसला की वहीत नोंद करून धान्य देण्याची मुभा असेल, तर तो अडीचशे मिनिटांचा मुक्कामच मोडतो.