जोखमीचा माल आणि पहिला संशय

सोने, हिरे आणि घडलेले दागिने माणसाच्या अंगावरून एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याची पद्धत पश्चिम भारतात सरकारी टपालाहून जुनी आहे, आणि अशा माणसाला वाटेत लुटले जाण्याचा इतिहासही तितकाच जुना आहे. या इतिहासात लुटारूंइतकीच जागा संशयाने व्यापलेली दिसते. कारण माल कोणी नेला या प्रश्नाआधी तो माल त्या वेळी त्या रस्त्यावर आहे हे कोणाला ठाऊक होते, असा प्रश्न प्रत्येक पिढीत विचारला गेला आणि त्याचे पहिले उत्तर बहुधा खुद्द माल नेणाऱ्याकडेच बोट दाखवणारे निघाले.

पैशाची ने-आण टाळण्याचा मार्ग भारतीय सावकारीने फार पूर्वीच शोधला होता. हुंडी, म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला अमुक रक्कम देण्याविषयी लिहिलेला कागद, हाती असली की रोकड सोबत बाळगण्याचे कारण उरत नसे. जोखमी हुंडी हा तिचा एक प्रकार तर विम्याच्या फार जवळ जाणारा होता, कारण तिची रक्कम माल सुखरूप पोहोचला तरच देय होई आणि माल वाटेत बुडाला तर नुकसान हुंडी धारण करणाऱ्याच्या माथी पडे. दागिन्याची आणि चांदीच्या लगडीची अडचण अशी की त्यांना कागदाचे रूप देता येत नाही; त्यांना स्वतःच प्रवास करावा लागतो. ठगांचा बंदोबस्त करणारा ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन याने नोंदवलेल्या हकिगतींत सावकारांचा खजिना वाहणारी माणसे ठगांचे आवडते लक्ष्य म्हणून पुनःपुन्हा येतात, आणि अमरावतीच्या धनराज शेठ या सावकाराच्या लुटलेल्या खजिन्याच्या संदर्भात त्याच्या गुमास्त्यांनी थेट ठगांशीच बोलणी करून माल परत मिळवण्याचा प्रयत्न केल्याचेही दिसते. स्लीमनने रंगवलेले ठगांचे चित्र आजचे इतिहासकार जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. तरीही सरकारदरबारी जाण्याऐवजी परस्पर मिटवून घेण्याची व्यापाऱ्याची वृत्ती त्या नोंदींतून स्पष्ट होते, आणि ती पुढेही टिकली.

1837 च्या टपाल कायद्याने पत्रे वाहण्याचा मक्ता सरकारकडे गेला, पण मोलाच्या वस्तूंची खाजगी वाहतूक थांबली नाही. गुजरातेतून आलेला आंगडिया, म्हणजे व्यापाऱ्यांचे सीलबंद पुडके विश्वासावर पोहोचवणारा आणि त्याबद्दल ठराविक दर घेणारा वाहक, मुंबईच्या काळबादेवी-भुलेश्वर परिसरात स्थिरावला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडण्याचा उद्योग वाढला, त्यांची विक्री ऑपेरा हाऊसजवळच्या पंचरत्न इमारतीत आणि तिच्या आसपास होऊ लागली, आणि या दोन टोकांना जोडणारी रात्रीची रेल्वेगाडी हाच आंगडियांचा राजमार्ग ठरला. झवेरी बाजारात माल जांगडावरही फिरतो. जांगड म्हणजे पसंत पडल्यास विकत घ्यावा, नाहीतर परत करावा या बोलीवर दिलेला माल. अशा मालाची मालकी एकाकडे, ताबा दुसऱ्याकडे आणि वाहतूक तिसऱ्याकडे असते, तर पुरावा म्हणून बरेचदा एक चिठ्ठीच असते. पुडके लुटले गेल्यावर त्यात नेमके काय होते हे सिद्ध करणेही त्यामुळे अवघड होते, आणि जिथे मालाचे वर्णनच डळमळीत असते तिथे तो वाहणाऱ्याच्या जबाबावर कोणाचाही पटकन विश्वास बसत नाही.

या अविश्वासाला कायद्याचाही आधार आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेने जबरी चोरीसाठी कलम 392 ठेवले आणि पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेल्या जबरी चोरीला दरोडा ठरवले. पण त्याच संहितेत माल वाहणाऱ्याने केलेल्या अपहारासाठी कलम 407 आणि कारकुनाने किंवा नोकराने केलेल्या अपहारासाठी कलम 408 अशी स्वतंत्र तरतूद होती. लुटीची फिर्याद घेऊन आलेला नोकर तपास अधिकाऱ्याला त्यामुळे एकाच वेळी फिर्यादी, साक्षीदार आणि संभाव्य आरोपी दिसतो. लुटीचा बनाव, म्हणजे माल आधीच साथीदाराच्या हाती देऊन मग लुटल्याची आरोळी ठोकणे, हा प्रकार पोलिसांच्या परिचयाचा आहे. जखम खरी आहे का, नेहमीचा रस्ता त्याच दिवशी का बदलला, मालकाला आधी कळवले की पोलिसांना, आणि हल्ल्यापूर्वीच्या तासात कोणाशी फोनवर बोलणे झाले, हे प्रश्न त्या अनुभवातूनच आलेले आहेत. ते गैर नाहीत. मात्र ‘टीप’ देणारा, म्हणजे मालाची वेळ आणि वाट कळवणारा, आतलाच असतो एवढ्यावरून तो वाहकच असतो असे सिद्ध होत नाही. पेढीवरचा हिशेबनीस, पुडके बांधणारा, घडणावळीचे काम करणारा कारागीर, इमारतीचा पहारेकरी, पूर्वी नोकरी सोडून गेलेला माणूस, एवढेच काय रोज त्याच वेळी चहा देणारा, अशा कितीतरी जणांना पिशवीचे वजन नाही तरी तिची वेळ ठाऊक असते. वाहकावर बोट ठेवणे सोपे पडते ते मुख्यतः तो समोर हजर असतो म्हणून.

व्यापाऱ्याच्या मौनाने हा संशय आणखी घट्ट केला. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने 14 कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आणली, 1968 मध्ये त्याविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि 1990 मध्ये तो रद्द होईपर्यंत हिशेबाबाहेरचे सोने बाळगणे हाच गुन्हा राहिला. अशा सोन्याची लूट झाली तर फिर्याद देणे म्हणजे स्वतःविरुद्ध जबाब देणे होते. सरकारी अधिकाऱ्याची ही धास्ती लुटारूंनीही ओळखली. 19 मार्च 1987 रोजी केंद्रीय अन्वेषण विभागाचे म्हणून आलेल्या तोतया पथकाने ऑपेरा हाऊस येथील त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या दुकानावर भरदिवसा ‘छापा’ घातला आणि दागिने घेऊन सूत्रधार पसार झाला. ती घटना दुकानातली असली तरी ‘आम्ही पोलीस आहोत, पिशवी दाखवा’ ही रस्त्यावरची युक्ती त्याच भीतीवर चालते.

खरे सरकारी हात पडले तेव्हाही चित्र फारसे वेगळे नव्हते. जुलै 2013 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणा आणि प्राप्तिकर विभाग यांनी मुंबई सेंट्रल स्थानकाजवळ आंगडियांचे ट्रक अडवून रोकड आणि दागिन्यांच्या पिशव्या ताब्यात घेतल्या, आणि अनेक व्यापाऱ्यांच्या मालाकडे एकाच वेळी काळ्या पैशाच्या नजरेने पाहिले गेले. 2022 मध्ये तर लोकमान्य टिळक मार्ग पोलीस ठाण्याच्या काही अधिकाऱ्यांवर आंगडियांकडून खंडणी उकळल्याचा आरोप झाला, गुन्हा नोंदला गेला आणि अटकाही झाल्या. ज्या ठाण्यात फिर्याद द्यायची तेथील अधिकाऱ्यांवरच असा आरोप झाल्यावर या व्यवसायाने मौन धरले तर नवल नाही. दरम्यान हिरेबाजार 2010 पासून वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये हलला आणि रस्त्यांवर कॅमेरे आले, तरी वाहकावरचा पहिला संशय हलला नाही.

लुटलेले सोने पुढे कोठे जाते या प्रश्नापाशी संशयाची दुसरी शाखा फुटते, आणि ती महाराष्ट्रातल्या एका समाजगटापर्यंत पोहोचते. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर आणि आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक, म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणारे कारागीर, देशभरच्या सराफ बाजारांत विखुरलेले आहेत. वितळलेल्या सोन्याला ओळख उरत नसल्याने परराज्यातील पोलीस चोरीचा माल घेतल्याबद्दल जुन्या दंड संहितेच्या कलम 411 खाली आपल्याला नाहक गोवत आले, अशी तक्रार ते वारंवार करत आले आहेत. चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडेल तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा, असे अनुमान काढण्याची मुभा पुरावा कायद्याने न्यायालयाला दिली आहे. पण वितळलेली लगड त्याच मालाची आहे हे आधी ठरवायचे कसे, हा प्रश्न त्या अनुमानाने सुटत नाही.

विमा कंपन्यांची भूमिका या सगळ्यात क्वचितच लक्षात घेतली जाते. सराफांसाठीच्या ‘ज्वेलर्स ब्लॉक’ विम्यात दुकानातील मालाबरोबर प्रवासातील मालालाही संरक्षण असते, परंतु ज्याच्या हाती माल सोपवला त्याच्याच अप्रामाणिकपणामुळे झालेली हानी सर्वसाधारणपणे वगळलेली असते. वाहक निर्दोष ठरला तर भरपाईचा मार्ग खुला राहतो, दोषी ठरला तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणजे त्याच्यावरचा संशय पोलिसांच्या फाइलपुरता न राहता मोठ्या रकमेचा निर्णय बनतो. जुन्या दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून केलेल्या चोरीसाठी कलम 304 नव्याने आले, जबरी चोरी कलम 309 मध्ये गेली आणि वाहकाचा व नोकराचा अपहार कलम 316 मध्ये आला. रस्त्यावर घडलेली एकच घटना यांपैकी कोणत्या कलमाखाली नोंदवायची, हे आजही पहिल्या काही तासांत वाहकाच्या जबाबावर किती विश्वास ठेवला जातो यावर पुष्कळसे अवलंबून राहते.