'डॅनियल डेरोंडा' आणि मराठी बेने इस्राएल : अस्मितेची दोन रूपे

जॉर्ज एलियटची 'डॅनियल डेरोंडा' (१८७६) ही अखेरची कादंबरी दुभंगलेली आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. ग्वेंडोलेनची इंग्रज उच्चभ्रू समाजातील शोकांतिका श्रेष्ठ आणि ज्यू कथानक दुबळे, असे मानून एफ. आर. लीव्हिस यांनी १९४८ मध्ये दोन्ही भाग वेगळे करण्याची कल्पना मांडली. परंतु दोन्ही कथानकांच्या मुळाशी वारशाचाच प्रश्न आहे. ग्वेंडोलेन प्रतिष्ठेसाठी ग्रँडकोर्टशी विवाह करून स्वत्व गमावते. सर ह्यूगोच्या घरी 'जंटलमन' म्हणून वाढलेल्या डेरोंडाला आपला जन्म कोणत्या समाजात झाला हेच ठाऊक नसते.

ते अज्ञान आईने हेतुपुरस्सर निर्माण केलेले आहे. जिनोआ येथील भेटीत ती सत्य सांगते, आजोबांची कागदपत्रांची पेटी डेरोंडाच्या हाती येते आणि मॉर्डेकायच्या ध्येयवादाला जन्माचे अधिष्ठान लाभते. इंग्रज संस्कार हे येथे मूळ ओळख झाकणारे आवरण ठरतात. म्हणूनच कादंबरीचा शेवट पूर्वेकडील प्रस्थानाने होतो.

त्याच काळातील मुंबईच्या बेने इस्राएल समाजाचा अनुभव या मांडणीला छेद देतो. कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समाजाने शब्बाथ पाळला आणि दिवेकर, केहीमकर अशी ग्रामनामांवरून आलेली आडनावेही धारण केली. मांडवी भागात त्यांचे सिनेगॉग १७९६ मध्येच उभे राहिले. येथे ओळख लपलेली नव्हती; उणीव होती ती हिब्रू धर्मग्रंथांच्या ज्ञानाची. ती भरून निघाली मराठीच्या द्वारे. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये आले. मिशनऱ्याचा हेतू धर्मप्रसाराचा असला, तरी अशा साधनांचा उपयोग समाजाने स्वधर्माच्या अभ्यासासाठी केला. मराठी भाषांतरासह 'हग्गादा' मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापला गेला. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत सणाच्या भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडीत आहेत. १८८० नंतर तर बायबलमधील आख्याने कीर्तनातून रंगू लागली.

डेरोंडाला ज्यू होण्यासाठी इंग्लंडपासून दूर व्हावे लागते. बेने इस्राएलांना मराठी हेच ज्यूपणाचे साधन झाले. अर्थात या सहजतेचे आदर्शीकरण करता येत नाही. वेगळेपणासह शेजार देणारी जातिव्यवस्थाच त्यामागे होती. तेली म्हणून मिळालेले स्थान ही मर्यादाही होतीच.

या तुलनेचा अधिक मर्मभेदी पैलू विसाव्या शतकात प्रकटला. डेरोंडाच्या बाबतीत आईचा शब्द पुरेसा ठरतो. परंतु इस्राएलमध्ये स्थलांतरित झालेल्या बेने इस्राएलांच्या विवाहप्रसंगी मातृवंशाची चौकशी करण्याचे निर्देश धर्मपीठाने १९६२ मध्ये दिले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आयांचा शब्द तेथे संशयास्पद ठरला. तीव्र आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांच्या समान दर्जाची ग्वाही दिली.

एलियटची कथा प्रस्थानापाशी थांबते. पोहोचल्यानंतर कोण कोणास आपले मानतो, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. हा प्रश्न सोबत घेऊन केलेले वाचन कादंबरीतील ज्यू कथानकाला दुबळे ठरवून बाजूस सारत नाही. त्यातील सहज स्वीकाराचे गृहीतक मात्र ते तपासून पाहते.