हिना: मसाल्याच्या डब्यातले अत्तर

हिना हे थंडीतले अत्तर, आणि मुख्यतः पुरुषांचे. कापसाचा फाया बुडवून कानाच्या पाळीत खोचायचा, की गरम, लाकडी, किंचित कडवट वास दिवसभर पुरतो. मुंबईत ते मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्यांकडे मिळते. त्यातले बरेच जिन्नस मात्र लालबागच्या मसाला बाजारात पोत्यांची तोंडे उघडून मांडलेले असतात. नावामुळे मेंदीची फुले आठवतात, पण त्या फुलांचे अत्तर म्हणजे गुलहिना. हिना किंवा शमामा निघतो लवंग, वेलदोडा, जायपत्री, जटामांसी, नागरमोथा, कपूरकचरी यांपासून. नेमके प्रमाण प्रत्येक घराणे लपवून ठेवते.

हिन्याच्या जिन्नसांतले सर्वांत नवलाचे म्हणजे दगडफूल. ते फूल नव्हेच; बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधाराने दगडावर, सालीवर वाढतात, तेच हे. वरून राखी, खालून काळे, कडा वळलेल्या. कच्चे हुंगले तर नुसती धूळ. तेलात परतले, की गोड्या मसाल्याला त्याचा वास येतो. अत्तरांचे गाव कनौज, तिथले कारागीर त्याला छरीला म्हणतात. फ्रान्समध्ये ओकच्या झाडावर वाढणारा त्याचाच एक भाईबंद १८८२च्या ‘फुजेर रॉयाल’ या अत्तरात वापरला गेला, आणि पुढे पुरुषी सुगंधांचा अख्खा वर्ग ‘फुजेर’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

हिना तयार होतो कनौजमध्ये. तांब्याच्या देगेत मसाला आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, उतरते. भपका पाण्याच्या हौदात बुडलेला, आणि आत चंदनाचे तेल. तापमापक नाही. कारागीर हात लावून भपका किती तापला ते पाहतो. फार तापला, तर देगेवर ओले फडके फिरवून वाफ थोपवायची आणि भपका बदलायचा. थंड झाल्यावर तळाचे पाणी काढून टाकतात. तेल तेच राहते आणि पुन्हा नवी वाफ पिते.

सगळी अडचण त्या तेलापाशी आहे. टिपू सुलतानाने १७९२मध्ये चंदन हे राजवृक्ष, म्हणजे राज्याच्या मालकीचे, ठरवले. म्हैसूर संस्थानाने १९१६मध्ये चंदनतेलाचा कारखाना काढला, पण स्वतःच्या शेतातले झाडही शेतकऱ्याचे नव्हते. मग ते लावणार कोण? जंगलातले चोरांनी तोडले. कर्नाटकाने २००१मध्ये कायदा बदलून झाडाची मालकी जमीनमालकाला दिली खरी, पण तेलाचा गाभा धरायला झाडाला पंधरा-वीस वर्षे लागतात. दरम्यान तेल इतके महागले, की पुष्कळ भपक्यांत आता द्रव पॅराफिन असते. कुपीवर नाव हिनाच.