टर्बो लॅग : दाबलं तरी पळेना!

कॅन्टीनमध्ये गाड्यांचा विषय निघाला की ‘टर्बो लॅग’ हा शब्द हमखास कानावर येतो. ओव्हरटेक करताना गाडी मरगळली की ‘टर्बो गेला’ हे निदान आपण चहाच्या एका घोटात करून मोकळे होतो. पण मित्रांनो, महागड्या एसयूव्हीचा टर्बो बदलायचा म्हटलं तर बिल लाखांत जातं, आणि खरा दोष एखाद्या रबरी पाइपात असू शकतो. सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये पुण्याच्या एका गॅरेजात अशीच एक केस पाहायला मिळाली, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडी थिअरी. इंजिनातून वाया जाणाऱ्या एक्झॉस्ट गॅसवर एक टर्बाइन फिरवायचं, त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने हवा दाबायची आणि इंटरकूलरमधून थंड करून सिलिंडरमध्ये कोंबायची, हा झाला टर्बो. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. गोम अशी, की जास्त हवा हवी तर जास्त एक्झॉस्ट हवा, आणि जास्त एक्झॉस्ट हवा तर आधी जास्त हवा हवी! शिवाय शाफ्टला मिनिटाला लाखाच्या वर फेरे गाठायचे असतात. मेसमध्ये रांग वाढली की काका दुसरा तवा चढवतात, पण तो तापेपर्यंत आपण ताट धरून उभेच. तो मधला वेळ म्हणजे लॅग.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. टॉप गिअरमध्ये १२०० आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी उचलली नाही, तर तो लॅग नव्हे. त्या आरपीएमला टर्बो फिरवण्याइतका एक्झॉस्टच नसतो. याला म्हणतात बूस्ट थ्रेशोल्ड, आणि त्यावर उपाय म्हणजे खालचा गिअर. पुरेशा आरपीएमवर असूनही दाब चढायला वेळ लागतो तो खरा लॅग. थोडा लॅग प्रत्येक टर्बोला असतोच. काल नव्हता आणि आज आहे, तर मात्र दोष शोधायचा.

आता ती केस. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तक्रार अशी की ॲक्सिलरेटर दाबल्यावर तीन-चार सेकंद काहीच होत नाही, मागून काळा धूर येतो आणि बॉनेटखाली ‘फुस्स’ आवाज. साहेब वैतागलेले, कारण घाटात ट्रकला ओव्हरटेक करायला जाऊन एकदा समोरच्या एसटीपुढे अडकता अडकता वाचले होते. दुसरीकडे त्यांना टर्बो बदलायला सांगितलं होतं. आमचे उस्ताद म्हणाले, “आधी फुकटात दिसतं ते बघ. मग स्वस्तातलं. टर्बोला हात सगळ्यात शेवटी.”

एअर फिल्टर स्वच्छ होता. मग स्कॅनर लावला. इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू ठेवून मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर वाचला. अशा वेळी त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा: मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. आम्हाला ९५ मिळाला, म्हणजे सेन्सर धडधडीत खोटं बोलत नव्हता. मग रस्त्यावर नेऊन लॉग घेतला. कंट्रोल युनिट मागत होतं २२० किलोपास्कल आणि मिळत होते जेमतेम १६०.

आता काळ्या धुराचा अर्थ लावू. एअर मास सेन्सर फिल्टरच्या लगेच पुढे असतो. त्याने हवा मोजली, त्या हिशेबाने डिझेल सोडलं गेलं, पण टर्बोनंतर हवा मधेच गळाली तर डिझेल जास्त आणि हवा कमी. मग धूर येणारच. याउलट हा सेन्सरच कमी हवा दाखवत असेल तर डिझेलही कमी सुटतं. तेव्हा धूर नसतो, पण दमही नसतो.

संशय गळतीवर आला. कमी दाबाच्या स्मोक टेस्टमध्ये काहीच दिसेना. मग टर्बोचं हवा घेणारं तोंड बंद करून, रेग्युलेटरने नेहमीच्या बूस्टपेक्षा जास्त होणार नाही एवढाच दाब दिला आणि साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या पाइपाच्या घडीतून बुडबुडे! चीर अशी बारीक, की दाब आला तरच उघडायची. पाइप आणि क्लॅम्प बदलला, पुन्हा लॉग घेतला. मागितलेला आणि मिळालेला दाब जवळजवळ एकावर एक. टर्बो तोच जुना!

पाइप धड निघाले असते तर? पुढचा संशय व्हेरिएबल जॉमेट्रीच्या पात्यांवर. कमी आरपीएमला ही पाती मिटून वाट अरुंद करतात, म्हणजे गॅसचा वेग वाढतो. काजळीने ती उघडी अडकली तर खालच्या आरपीएमला लॅग, मिटलेली अडकली तर वर जादा बूस्ट आणि गाडी लिंप मोडमध्ये. त्यांना हलवणारा ॲक्च्युएटर आणि त्याची व्हॅक्युम नळी, उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह, तुंबलेला पार्टिक्युलेट फिल्टर हेही तपासायचं. शाफ्टचा खुळखुळा शेवटी. आणि टर्बो खरंच गेला असेल तर ऑइलची नळी आधी बघा. ती चोंदली असेल तर नवा टर्बोही त्याच वाटेने जाणार.

बाजारात पेडलला लावायचा डबा मिळतो. त्याने पेडल चपळ वाटतं, पण बूस्ट तिळभरही वाढत नाही. मूळचा लॅग कमी करण्याचं काम डिझाइनरचं. २०१६ च्या ऑडी एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिला होता. एक्झॉस्टची वाट न बघता तो पाव सेकंदात वेग पकडतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘टर्बो गेला’ म्हणालं, तर एवढंच विचारा, “मागितलेला दाब किती आणि मिळाला किती?” पार्ट बदलणं पैशाने होतं, दोष शोधायला मात्र थिअरीच लागते. तीच, जी आपण परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतो!